लाल बाटल्यातलं पाणी

उमरग्याच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून कापसातून सरकी आणि रुई वेगळी करायचं आमचं सहकारी जिनिंग होतं. तिथं मी स्टोअर क्लार्क म्हणून लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं माहेर माकणीकडचं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर घरात दारू येऊ दिली नाही की माझी शाळा सुटू दिली नाही. म्हणून मी मॅट्रिक झाले. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्या जिनिंगमध्ये खुर्चीवर बसणारी बाई मी एकटीच. बाकी बाया होत्या त्या कापूस निवडायला, रोजंदारीवर.

पहिल्याच आठवड्यात मॅनेजर साहेबांनी खिळे, पट्टे, ग्रीस, गोणपाट असं सगळं माझ्या ताब्यात दिलं. शेवटी भिंतीकडं हात करून म्हणाले, "आणि ते लाल बाटले पण तुमच्याकडंच. महिन्याला कार्डावर सही करायची. तेवढंच काम."

जिनिंगभर तसले आग विझवायचे अठरा बाटले टांगलेले होते. वर निमुळते, खाली रुंद, लाल रंगाचे. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं कार्ड, आणि कार्डावर दर महिन्याची सही. माझ्या आधीच्या क्लार्कनं पुढच्या दोन महिन्यांच्या सह्यासुद्धा करून ठेवल्या होत्या.

मी त्या सह्या जिनिंगची यंत्रं सांभाळणाऱ्या फिटरचाचांना दाखवल्या. चाचा वयानं साठीकडं झुकलेले, निजामाच्या काळात हैदराबादेत एका गिरणीत होते. ते हसले नाहीत. त्यांनी एक बाटला खुंटीवरून उतरवला, अंगणात नेला, उलटा केला आणि त्याचा दट्ट्या फरशीवर आपटला. काहीच झालं नाही. नळीच्या तोंडातून चार थेंब गळले आणि थांबले.

"बेटी, सही करायची असंल तर आधी हे शिक," चाचा म्हणाले. "नसंल शिकायचं तर सही करू नको."

मी शिकले. मला यंत्राची भीती कधी नव्हती, आणि चाचांना शिकवायची हौस होती. त्या बाटल्यात खायचा सोडा विरघळवलेलं पाणी असतं, जवळजवळ एक लहान घागरभर. टोपणाच्या आतल्या बाजूला जाळीत काचेची कुपी असते, तिच्यात तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड. बाटला उलटा करून दट्ट्या आपटला की कुपी फुटते, तेजाब सोड्यात मिसळतो, गॅस होतो आणि तो गॅस पाण्याला जोरानं बाहेर ढकलतो. पाण्याची धार वीस-पंचवीस फूट जाते. पण नळीच्या तोंडाचं छिद्र बारीक असतं. त्यात कोळ्यानं जाळं केलं तरी सगळं फुकट. म्हणून दर महिन्याला तारेनं ते छिद्र साफ करायचं, टोपणाखालचा रबरी वायसर बघायचा, पाणी आतल्या खुणेपर्यंत आहे का ते बघायचं आणि कुपीला तडा नाही ना ते उजेडात धरून बघायचं.

गाड्यांचे बाटले वेगळे. ते लहान, आणि त्यांच्यात पाण्याऐवजी पांढरी पावडर. डिझेलला किंवा वायरीला लागलेल्या आगीवर पाणी मारायचं नसतं, तिथं पावडर लागते. पण ट्रकच्या हादऱ्यांनी ती खाली बसून घट्ट होते. म्हणून बाटला उलटासुलटा करून कानाशी धरायचा आणि आत पावडर सरकल्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. आत गॅसची काडतुसाएवढी नळी असते, ती काढून स्टोअरच्या तराजूवर तोलायची. नळीवर तिचं भरलेलं वजन कोरलेलं असतं. त्याहून हलकी झाली तर गॅस उडाला समजायचं.

सहा महिन्यांत अठराच्या अठरा बाटले मी भरून घेतले. मग फाटकावर नियम लावून घेतला की कापूस आणणाऱ्या ट्रकचा बाटला तपासल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही. मॅनेजर साहेबांना हा नियम फारसा आवडला नव्हता, पण कापसाच्या जिनिंगला आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळं त्यांना नाही म्हणता येईना.

ड्रायव्हर मला अक्का म्हणत. एक ड्रायव्हर तर दर खेपेला वाद घालायचा. उंच, पिकल्या मिशांचा, कर्नाटकातल्या सीमेवरच्या गावचा. त्यानं आपला बाटला सीटमागं पथारीखाली बांधून ठेवलेला.

"अक्का, तीस वर्षं गाडी चालवतोय. एकदा आग लागली न्हाय."

"लागल्यावर पथारी सोडत बसणार का? बाटला दाराजवळ लावा. उजव्या हाताला."

"तिथं माझा पाण्याचा कॅन असतोय."

"कॅन मागं जाऊ द्या."

त्यानं कपाळाला हात लावला, पण बाटला दाराजवळ लावला. मी तो कानाशी धरला. आत काहीच हललं नाही, पावडरीचा दगड झालेला. मी स्टोअरमधला भरलेला बाटला त्याला दिला आणि त्याचा ठेवून घेतला. तो पुटपुटत गेला. पुढच्या खेपेला मात्र त्यानं न सांगता खाली उतरून बाटला माझ्या हातात दिला.

मग दुष्काळ आला. बाहत्तरचा नव्हे. बाहत्तरला मी परकरात होते आणि आईबरोबर खडी फोडायला जायची. हा त्याच्या नंतरचा, ऐंशीच्या पुढचा. एवढा गाजला नाही, पण आमच्या भागातल्या विहिरींनी तळ दाखवला. कापूस एका वेचणीचाच झाला. जिनिंगला एक दिवसाआड टँकर यायचा. टँकर आला की बाया हातातलं काम टाकून पळायच्या. दोन पिंपं भरून घ्यायची, एक यंत्राला, एक सगळ्यांना प्यायला. मी घरून घागर भरून आणायची आणि स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवायची. त्या घागरीकडं निवडणाऱ्या बायांपैकी कुणी यायचं नाही. का येत नाहीत ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

माघ महिन्याच्या तपासणीला मी रुईच्या शेडमागचा बाटला खुंटीवरून काढला आणि तो इतका सहज हातात आला की मी मागं झोकांडले. रिकामा होता. शेजारचाही रिकामा. असे चार निघाले. टोपणं घट्ट बसवलेली, कुप्या जागच्या जागी. कुणीतरी टोपण फिरवून, तेजाबाची कुपी तशीच बाजूला ठेवून, पाणी ओतून घेतलं होतं.

पाण्यापेक्षा मला भीती वाटली ती कुपीची. ती कुपी एखाद्याच्या हातून निसटून फुटली असती तर तोंड, डोळे, सगळं गेलं असतं.

मी कुणाला बोलले नाही. शेडमागं जाऊन जमीन बघत फिरले. बाभळीच्या झुडपावर लहान लहान फडकी वाळत घातलेली दिसली, बाळाच्या लंगोटासारखी, पांढरीशुभ्र. त्या टंचाईत उमरग्यात कुणाचंही कापड तेवढं पांढरं नव्हतं. खालच्या दगडावर सोड्याची पांढरी पुटं चढली होती.

चौकशी केली, तर ती फडकी कापूस निवडणाऱ्या बायांतल्या सगळ्यात वयस्कर बाईची निघाली. पन्नाशीची, काटक, बोलायला धारदार. तिच्या घरी पंधरा एकर कोरडवाहू रान, पण त्या वर्षी रानात काही नव्हतं म्हणून ती सुनेला घेऊन कामाला यायची. मी तिला स्टोअरमध्ये बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"मावशी, बाटल्यातलं पाणी तुम्ही काढलं?"

तिनं एकदम मान्य केलं. "व्हय. म्याच काढलं."

"का?"

"लेक बाळंत झालीय. धा दिवस झाले. प्यायला पाणी मिळतंय, धुवायला कुठनं आणू? भितीला पाणी टांगून ठिवायचं आन बाळाची फडकी तशीच घाण ठिवायची, हे मला पटंना." मग जरा थांबून म्हणाली, "फेस बी येतोय त्याला. लई चांगलं निघतंय कापड."

मला राग आला होता आणि हसूही येत होतं. मी एका बाटल्याचं टोपण काढलं, कुपी जाळीतून काढून हातात धरली आणि तिला बाहेर नेलं. एका वाळक्या ज्वारीच्या ताटावर कुपीतले चार थेंब टाकले. ताट आधी तपकिरी झालं, मग काळं.

"हे तुमच्या हातात होतं. चार वेळा," मी म्हणाले.

तिनं त्या काळ्या ताटाकडं पाहिलं. मग तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"साहेबाला सांगनार का?"

"बाटले रिकामे आहेत एवढं सांगणार. ते सांगावंच लागेल. कुणी केले ते मला विचारलं तर मी बघीन. पण तुम्ही पुन्हा हात लावणार नाही."

"न्हाय लावत. पर फडकी कशी धुवू?"

कोपऱ्यातली घागर मी बघितली. "माझ्या घागरीतलं चालंल का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं. मग आत आली, तांब्या उचलला आणि म्हणाली, "पाण्याला काय झालंय."

मॅनेजर साहेबांना मी बाटले रिकामे असल्याचं सांगितलं. त्यांनी कुणी केलं ते विचारलंच नाही. ते म्हणाले, "पाऊस पडल्यावर भरू. आत्ता पिंपातलं पाणी बाटल्यात घातलं तर बाया मला फाडून खातील."

"मग कार्डावर माझी सही होणार नाही."

"बाई, चार बाटल्यांनी काय होतंय?"

"ते चारही रुईच्या बाजूचे आहेत, साहेब. तिथंच कापूस रचलाय."

"पाणी आणणार कुठनं ते सांगा."

त्याचं उत्तर मी आधीच शोधून ठेवलं होतं. जिनिंगच्या मागं एक जुनी विहीर होती, तळाशी गुडघाभर पाणी, पण खारं. जनावरंही तोंड लावायची नाहीत. आगीला गोड पाणी लागत नाही. त्या मावशीनं आणि तिच्या सुनेनं दोर लावून पाणी शेंदलं, रात्रभर पिंपात निवळू दिलं आणि लुगड्याच्या चार पदरी कापडातून गाळलं. चाचांनी सोड्याचं माप दिलं. मी सोडा विरघळवून चारही बाटले खुणेपर्यंत भरले आणि एक अंगणात आपटून बघितला. धार थेट कुंपणापर्यंत गेली. बायांनी लुगडी सावरून बाजूला उड्या मारल्या. तो बाटला पुन्हा नवी कुपी घालून भरला आणि मी कार्डावर सही केली. त्याच दिवशी मॅनेजर साहेबांकडून आणखी एक गोष्ट कबूल करून घेतली. टँकर आला की तिसरं पिंप भरायचं, ते बायांच्या धुण्याचं. तिघींच्या घरी लहान लेकरं होती, एवढं ऐकून ते तयार झाले.

यानंतर सहा-सात आठवडे गेले असतील. ऊन कडक झालं होतं. दुपारी जेवणाची सुटी नुकतीच संपलेली. तो उंच ड्रायव्हर बेंबळीकडून कापूस भरून आला होता आणि त्याचा ट्रक रुईच्या शेडपासून वीस पावलांवर उभा होता. कापूस फळीच्या वर तीन हात रचलेला. मी स्टोअरमध्ये पावत्या लावत होते. बाहेरून चाचांचा आवाज आला. ते सहसा मोठ्यानं बोलत नसत.

बाहेर आले तर ट्रकच्या बॉनेटखालून धूर निघत होता आणि वायरी जळाल्याचा वास. बघता बघता जाळ बॉनेटच्या फटीतून वर आला आणि केबिनच्या मागच्या कापसाला जाऊन भिडला. ड्रायव्हरनं दार उघडून खाली उडी मारली तेव्हा त्याच्या उजव्या हातात तो लहान बाटला होता. त्यानं पिन ओढली, दट्ट्या दाबला आणि पावडर बॉनेटच्या फटीत मारली. पांढरा ढग उठला. इंजिनचा जाळ बसला. तो एवढा लवकर बसला की ड्रायव्हरच गोंधळून हातातल्या बाटल्याकडं बघत राहिला.

पण वरचा कापूस पेटला होता. पावडरीनं कापसाची ज्वाळा विझते, आतली धग विझत नाही. ती आत आत जळत जाते. त्याला पाणीच पाहिजे.

"शेडच्या भिंतीचे बाटले," मी म्हणाले, आणि पळाले. मागं वळून पाहिलं तर मावशी माझ्या मागं होती, तिची सून होती, आणखी दोघी होत्या. त्या बायांना डोक्यावर वजन घ्यायची सवय. भरलेला बाटला त्यांनी घागर उचलावी तसा उचलला. मी पहिला उलटा करून फरशीवर आपटला. आतमध्ये कुपी फुटल्याचा बारीक आवाज आला, बाटला हातात थरथरला आणि धार सुटली. मी ट्रकच्या फळीवर पाय ठेवून ती कापसाच्या मुळाशी धरली. शेजारी मावशीनं आपला आपटला. तिची धार माझ्याहून नेमकी लागत होती.

तिसरा बाटला मी घेतला आणि आपटला. बाटला थरथरला, पण नळीतून काही आलं नाही. टोपणाच्या बाजूच्या भोकातून फुसफुस सुरू झाली. तो क्षण मला अजून आठवतो. आत गॅस दाबून भरलाय, तोंड बुजलंय आणि तो माझ्या छातीशी आहे. मी तो भिंतीकडं तोंड करून जमिनीवर आडवा ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "याच्याजवळ कुणी यायचं नाही. मागं व्हा." मग चौथा घेतला. तो चालला.

तोवर चाचांनी आणि हमालांनी दोऱ्या कापून पेटलेला कापूस लोखंडी आकड्यांनी ट्रकवरून खाली ओढला होता. तो जमिनीवर पसरून आम्ही त्यावर उरलेलं पाणी मारलं आणि वाळू टाकली. अर्ध्या तासानं धूर थांबला. ट्रकवरचा चौथाई कापूस गेला. बाकीचा राहिला, ट्रक राहिला, शेड राहिली. कुणाच्या अंगाला काही लागलं नाही. ड्रायव्हरच्या मिशा तेवढ्या एका बाजूनं होरपळल्या.

तो सावलीत बसला होता. मी पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "अक्का, पथारीखाली असता तर?"

"नव्हता ना," मी म्हणाले.

संध्याकाळी चाचांनी आणि मी तो न चाललेला बाटला थंड झाल्यावर उघडला. खाऱ्या पाण्यातले क्षार आणि सोडा मिळून बुडाला पांढरा साका बसला होता, आणि त्याचाच खडा नळीच्या तोंडात अडकला होता. भरला त्या दिवशी धार चांगली सुटली, कारण तेव्हा साका धरला नव्हता. महिन्याच्या तपासणीत मी छिद्रात तार घातली होती, पण बूड बघितलं नव्हतं. चूक माझी होती. मी तसं साहेबांना लिहून दिलं, आणि खाली हेही लिहिलं की या चारही बाटल्यांसाठी गोड पाणी लागेल आणि ते उद्याच लागेल. या वेळी त्यांनी पाऊस पडेपर्यंत थांबा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा सगळ्यात आधी बाटले भरले गेले, आणि रांगेतल्या एकाही बाईनं तोंड वाकडं केलं नाही. मावशीच रांगेपुढं उभी राहून बादल्या पुढं करत होती.

त्यानंतर बाया मला घरच्या आगीबद्दल विचारू लागल्या. बहुतेकींच्या घरी चूल, काहींकडं रॉकेलचा स्टो. स्टो भडकला तर पाणी ओतायचं नाही, तेल पाण्यावर तरंगतं आणि आग घरभर होते, हे मी सांगायची. ओलं पोतं किंवा परात झाकायची. पदर आधी खोचायचा. दुपारच्या सुटीत स्टोअरच्या दारात बसून मी हे सांगायची आणि त्या ऐकायच्या. आता घागरीजवळ यायला कुणाला बोलवावं लागत नव्हतं.

पुढं काही वर्षांनी आमच्या गल्लीत गॅसच्या शेगड्या आल्या. मी घरासाठी पावडरीचा एक लहान बाटला आणला. माझा दीर बघायला आला आणि हसत सुटला. "वहिनी, जिनिंग घरात आणलं काय?" तो शेगडीच्या वर खिळा ठोकायला निघाला होता. मी त्याच्या हातातून हातोडी घेतली.

"तिथं नको."

"अहो, गॅसजवळच तर पाहिजे."

"आग शेगडीलाच लागली तर हात कसा घालाल? दाराशी लावायचा. बाहेर पळणाऱ्याच्या वाटेवर. म्हणजे पळणारा माणूस घेऊन परत फिरू शकतो."

त्यानं जरा विचार केला. मग दाराशेजारी, माझ्या खांद्याच्या उंचीवर खिळा ठोकला. मी बाटला लावायच्या आधी उलटा करून कानाशी धरला. आत पावडर सरकली, बारीक वाळूसारखी.